आकड्याची जागा

ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या वाचकांना डोंबिवली स्टेशन काही नवे नाही. मुरबाड-शहापूरकडून कल्याणच्या बाजारात माल उतरवावा आणि पुढे नातेवाइकांकडे जायचे म्हणून डोंबिवलीची गाडी धरावी, हा कित्येकांचा परिपाठ आहे. फलाटावर जेथे पाय ठेवायला जागा नाही तेथे विचार कसला सुचणार, असे वाटेल. पण याच स्टेशनावर एका माणसाला आकड्यांविषयी एक कल्पना सुचली आणि त्या आकड्यांना त्याने स्टेशनचेच नाव देऊन टाकले. गणिताच्या पुस्तकांतून ते आकडे आजही ‘डेमलो संख्या’ या नावाने छापले जातात. मुंबईपासून ३० मैलांवर, जी.आय.पी. रेल्वेवरचे डेमलो स्टेशन म्हणजे आपली आजची डोंबिवली.

त्या माणसाचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेले. कापरेकरांचे हायस्कूलचे शिक्षण ठाण्यात झाले आणि आकड्यांची कोडी सोडवीत बसण्याचा नाद त्यांना तेथेच जडला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ साली ते बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर म्हणून राहिले. पुढची मोठी पदवी त्यांनी घेतली नाही. ‘हा तर नुसता आकड्यांचा खेळ’ असे म्हणून कित्येक विद्वानांनी त्यांचे काम बाजूला सारले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे देवळालीच्या मास्तरांचे नाव जगात पोचले. १९८६ साली ते वारले.

डेमलो संख्या म्हणजे काय, ते पाटीवर लिहून पाहण्यासारखे आहे. १६५ हा आकडा घ्या. पहिला १ आणि शेवटचा ५ यांची बेरीज ६, आणि मध्ये ६ च बसला आहे. २५५३ घ्या. दोन आणि तीन पाच, आणि मध्ये पाचच पाच. ४७७७३ चेही तसेच. यांतले सर्वांत देखणे आकडे म्हणजे ११ ला ११ ने गुणले की येणारे १२१, १११ ला १११ ने गुणले की १२३२१, आणि ११११ ला ११११ ने गुणले की १२३४३२१. यांतला १२३२१ फोडून बघा. डावीकडचे १२ आणि उजवीकडचे २१ मिळून ३३, आणि मध्ये तीन उभा आहे. बेरीज साधीच आहे. डोळा पाहिजे तो कोणता आकडा कोठे बसला आहे हे बघणारा.

हे सगळे आज काढण्याचे कारण या सदराकडे येणारी पत्रे. दैनिकांत सुडोकू नावाचे नऊ घरांचे कोडे रोज छापून येते, ते कसे सोडवावे असे बरेच जण विचारतात. त्यातही भगिनींच्या पत्रांत पुढचे वाक्य ठरलेले असते: ‘गणित आमचे आठवीतच सुटले, तेव्हा आम्हाला हे जमणार नाहीच.’ हे वाक्य आम्हाला मुळीच मान्य नाही. सुडोकूत बेरीज नाही, वजाबाकी नाही, पाढा नाही. आकड्यांच्या जागी भात, नाचणी, वरी, तूर, उडीद अशी नऊ धान्ये ठेवली तरी कोडे तसेच्या तसे राहते. ज्या घरातील बाई कोणते बी कोणत्या डब्यात आहे हे चिठ्ठी न लावता सांगते, तिला हे कोडे आले नाही तर दोष शिकवणाऱ्याचा समजावा.

नऊ घरांच्या कोड्याला एकदम हात घालू नये. आधी चार घरांचे घ्यावे. अंगणात कोळशाने आडव्या चार आणि उभ्या चार अशी सोळा घरे आखा. मधोमध एक आडवी आणि एक उभी जाड रेघ मारा, म्हणजे चार-चार घरांचे चार चौक होतील, भाताच्या खाचरांचे बांध असतात तसे. आता नियम एवढाच की प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि प्रत्येक चौकात १, २, ३, ४ हे आकडे एकेकदाच यावेत. काही आकडे आधीच बसवून दिलेले असतात. रिकामे घर आम्ही रेघेने दाखवले आहे.

३ – | – २
– ४ | १ –
———————
– – | – –
– २ | – १

पहिल्या ओळीतले दुसरे घर बघा. तेथे कोणता आकडा येईल, असे विचारू नका. कोणता येणार नाही, असे विचारा. ओळीत ३ आणि २ आहेत, म्हणून ते दोन गेले. खालीच, त्याच चौकात ४ आहे, तोही गेला. राहिला १. लिहा. आता पहिल्या ओळीत ३, १ आणि २ झाले. तिसऱ्या घराला ४ शिवाय दुसरे काही उरलेच नाही. डाव्या वरच्या चौकात ३, १, ४ आहेत, म्हणून दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला २. त्याच ओळीच्या शेवटी मग ३. वरचे दोन्ही चौक भरले.

आता खाली या. शेवटच्या ओळीत २ आणि १ आहेत, ३ आणि ४ राहिले. तिसऱ्या घरात कोणता? त्या उभ्या ओळीत वर ४ आपण नुकताच लिहिला आहे, म्हणून तेथे ३ आणि पहिल्या घरात ४. राहिली तिसरी ओळ. ती अगदी कोरी आहे, एकही आकडा दिलेला नाही. नवशिका येथे दचकतो. पण चारही उभ्या ओळी बघा: पहिलीत ३, २, ४ आहेत, तर तेथे १. दुसरीत १, ४, २ आहेत, तर ३. तिसरीत ४, १, ३ आहेत, तर २. चौथीत ४. शेजारच्या रानांनी आपापल्या हद्दी दाखवल्या की मधले पडीक रान आपोआप मोजून होते, तसे हे झाले.

एवढे सोडवताना एकदाही अंदाज करावा लागला नाही, हे ध्यानात आले असेल. प्रत्येक आकड्याला तोंडाने कारण सांगता येत होते. आम्ही तर म्हणतो की सुरुवातीला कारण मोठ्याने बोलूनच आकडा लिहावा. घरात दोघे मिळून बसले असतील तर एकाने आकडा सांगावा आणि दुसऱ्याने ‘का?’ म्हणावे. कारण सांगता आले नाही तर तो आकडा लिहायचा नाही, मग सांगणारा कॉलेजात जाणारा मुलगा असो की नात शिकवायला बसलेली आजी.

चार घरांची आठ-दहा कोडी झाली की नऊ घरांच्या कोड्याकडे वळावे. नियम तोच, फक्त आकडे १ ते ९ आणि चौक नऊ-नऊ घरांचे. हे कोडे अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्न्स या वास्तुरचनाकाराने तयार केले असे मानतात. १९७९ साली ते तेथे प्रथम छापून आले. १९८४ साली ते जपानात गेले आणि सुडोकू हे नाव त्याला तेथे मिळाले. लंडनच्या ‘टाइम्स’ने नोव्हेंबर २००४ मध्ये ते रोज छापायला सुरुवात केली आणि मग सगळीकडे त्याची लाट आली. नीट तयार केलेल्या कोड्याला एकच उत्तर असते. त्यासाठी निदान १७ आकडे छापलेले असावे लागतात. १६ आकड्यांत एकच उत्तर निघत नाही, हे २०१२ साली डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांनी संगणकावर तपासून दाखवले. कोड्याला एकच उत्तर आहे आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, ही खात्री असली की अंदाज करण्याचा मोह कमी होतो.

सुरुवात कोठून करावी? जो आकडा कोड्यात सर्वांत जास्त वेळा छापला आहे तेथून. समजा ७ बऱ्याच ठिकाणी आहे. वरचे तीन चौक बघा. डाव्या चौकात ७ पहिल्या ओळीत आहे, मधल्या चौकात तो तिसऱ्या ओळीत आहे. म्हणजे उजव्या चौकातला ७ दुसऱ्या ओळीतच यायला हवा, कारण बाकीच्या दोन ओळींत तो होऊन गेला. उजव्या चौकात त्या ओळीची घरे तीन. त्यांतल्या एका घरात आधीच कोणता तरी आकडा बसलेला असेल, दुसऱ्याच्या उभ्या ओळीत खाली कोठेतरी ७ असेल. उरले एक घर, तेथे ७. असे एकेक आकडा घेऊन आधी आडव्या पट्टीने आणि मग उभ्या पट्टीने फिरावे. सोपी कोडी निम्मीअधिक एवढ्यावरच भरतात. एक आकडा बसला की ज्या ओळीत आणि चौकात तो बसला तेथे पुन्हा नजर टाकावी, कारण त्याने शेजाऱ्याची वाट मोकळी केलेली असते.

दुसरी रीत भरत आलेल्या ओळींची. एखाद्या ओळीत सात घरे भरली असली तर राहिलेले दोन आकडे कोणते ते आधी काढावे आणि उभ्या ओळीत बघून कोणता कोठे ते ठरवावे. चार घरांच्या कोड्यात शेवटच्या ओळीला आपण हेच केले.

तरीही मध्येच एक जागा येते जेथे काहीच पुढे सरकत नाही. पत्रे लिहिणारे बहुतेक येथेच अडलेले असतात. या वेळी शिसपेन्सिलीने घराच्या कोपऱ्यात, तेथे येऊ शकणारे आकडे बारीक लिहावेत. सगळ्या घरांत लिहीत सुटू नये, त्याने कागद काळा होतो आणि काही दिसत नाही. जेथे दोनच आकडे शक्य आहेत तेवढ्याच घरांत लिहावे. मग जोडी शोधावी. समजा एका ओळीत दोन घरांत फक्त ३ आणि ८ एवढेच येऊ शकतात. कोणता कोणत्या घरात हे अजून कळत नाही. पण दोन बैल आणि दोन खुंटे असले, तर कोणता बैल कोणत्या खुंट्याला हे माहीत नसले तरी तिसरा बैल तेथे बांधायचा नाही, एवढे तर नक्की. तसेच ३ आणि ८ यांना त्या दोन घरांशिवाय दुसरीकडे त्या ओळीत जागा नाही. बाकीच्या घरांतून ते खोडून टाका. पुष्कळ वेळा तेवढ्यानेच अडलेले पाणी वाहू लागते.

अंदाजाने आकडा का लिहू नये, याचेही कारण सांगतो. चुकीचा आकडा त्याच वेळी बोंब मारीत नाही. तो मुकाट्याने बसून राहतो, त्याच्या आधारावर आपण आणखी वीस घरे भरतो आणि शेवटी एका ओळीत दोन ५ येतात तेव्हा चूक कोठे झाली हे शोधायला मार्ग नसतो. सगळे खोडून पहिल्यापासून. कोड्यात एवढे चालते, कागदच वाया जातो. घरच्या हिशेबात असेच होते आणि तेथे पैसा जातो.

हिशेबावरून आकड्याच्या जागेची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. दुधाची किंवा भाजीच्या पट्टीची वही आपण मुलीकडून लिहून घेतो, तिकडे व्यापाऱ्याची वही असते, आणि महिनाअखेर बेरीज जुळत नाही. समजा आपली बेरीज ३७४२ आली आणि त्याची ३६८८. फरक ५४. भांडायला उठण्याआधी त्या फरकातले आकडे मिळवा: ५ आणि ४ मिळून ९. याचा अर्थ फरकाला नऊने भाग जातो. असे असले की कोणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिले असण्याचा पहिला संशय घ्यावा. आता ५४ ला ९ ने भागले की ६ येतात. म्हणून वहीत अशी रक्कम शोधावी जिच्या दशकाच्या आणि एककाच्या आकड्यांत सहाचा फरक आहे. एकीकडे १८२ आणि दुसरीकडे १२८ लिहिलेले सापडले तर चूक मिळाली, कारण आठात आणि दोनात सहाचेच अंतर आहे. फरकाला नऊने भाग गेला नाही तर मात्र नुसती अदलाबदल झालेली नाही, चूक दुसरी आहे. एखादी रक्कम राहिली असेल किंवा बेरीजच चुकली असेल. नऊने भाग जाऊनही चूक वेगळी असू शकते, पण शोधायला सुरुवात कोठून करावी हे तरी कळते.

हे नऊ येतात कोठून? एककाच्या घरातला आकडा दशकाच्या घरात गेला की त्याची किंमत दसपट होते, म्हणजे त्याच्या नऊपट वाढते. दशकातला एककात आला की नऊपटीनेच उतरते. चढउतार दोन्ही नवाच्या मापाने, म्हणून फरकही नवाच्याच मापात. आकडे तेच, फक्त जागा बदलल्या.

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध याच जागा बदलण्यातून निघाला. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो सांगितला. कोणतेही चार आकडे घ्या, चारही सारखे मात्र नकोत. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ५४३२ मधून २३४५ वजा, राहिले ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ वजा, राहिले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ वजा, राहिले ६१७४. आता ६१७४ वर तेच करा: ७६४१ मधून १४६७ वजा, पुन्हा ६१७४! कोठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत येथेच पोचता. तीन आकड्यांची संख्या घेतली तर असाच मुक्काम ४९५ ला पडतो. मात्र उत्तरात आकडे कमी पडले तर पुढे शून्य लिहून संख्या पुरी करावी, नाहीतर वाट चुकते. आणि मध्ये वजाबाकी बरोबर आली का हे बघायचे असेल तर उत्तरातले आकडे मिळवावेत. बेरजेला नऊने भाग गेला नाही तर चुकले समजा; ६, १, ७, ४ मिळून १८ होतात ते त्यामुळेच.

मुलांना वजाबाकीचा कंटाळा येतो असे ज्या पालकांचे म्हणणे आहे त्यांनी हे एकदा करून पाहावे. पन्नास वजाबाक्यांचा गृहपाठ द्या म्हटले तर मूल पळेल. ‘तुझ्या आकड्याला ६१७४ वर पोचायला किती पावले लागतात ते बघू’ म्हटले तर पाटी पुसून पुसून करील.

आता या खेपेचे कोडे. हे आमचे नाही, दगडावर कोरलेले आहे. खजुराहोला पार्श्वनाथाचे दहाव्या शतकातले देऊळ आहे, तेथे सोळा घरांचा एक जादूचा चौरस कोरलेला आहे. १ ते १६ हे आकडे त्यात एकेकदाच आले आहेत. त्या सगळ्यांची बेरीज १३६, आणि ओळी चार, म्हणून प्रत्येक ओळीच्या वाट्याला ३४. आडवी मिळवा, उभी मिळवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी मिळवा, ३४ च. म्हणून याला चौतिसा यंत्र म्हणतात. अशा चौरसांची रीत नारायण पंडितांनी १३५६ साली ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात सविस्तर दिली आहे. आम्ही त्यातली सात घरे पुसून टाकली आहेत.

७ – १२ – रिकामे – १४
रिकामे – १३ – ८ – रिकामे
१६ – रिकामे – १० – ५
रिकामे – ६ – रिकामे – रिकामे

येथे मात्र बेरीज करावी लागेल. जेथे एकच घर रिकामे आहे अशी ओळ आधी धरा. तिरप्या ओळी विसरू नका, पुढची वाट एका तिरप्या ओळीतूनच आहे. उत्तर पुढच्या अंकात छापणार नाही, कारण त्याची गरज नाही. सोळाही घरे भरली, एकही आकडा दोनदा आला नाही आणि दहाही बाजूंनी ३४ आले की ते बरोबर आहे. आम्हाला विचारू नका. पत्र लिहायचेच असेल तर कोणते घर सर्वांत शेवटी भरले आणि का, ते लिहा.